माझ्या घरची लाकडी जमीन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि आजवर या मंडळात मी पोळ्या लाटल्या, हळदीकुंकवाची तबके भरली, पण बोलायला कधी उभी राहिले नाही. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ज्या बायका येतात त्या सगळ्या माडीवरच्या जमिनीबद्दल विचारतात, तर एकदाच सगळ्यांना सांगून टाका." म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आम्ही २०१७ साली घर नवे बांधले. खाली फरशी घालायची हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो माडीवरच्या सासूबाईंच्या खोलीचा. आपल्या रत्नागिरीच्या पावसाळ्यात फरशीला कसा घाम सुटतो ते तुम्हांला सांगायला नको. त्या चकचकीत फरशीवरून एका नातेवाइकांकडे त्या एकदा घसरल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी फरशीचा धसकाच घेतला होता. माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला असतात. त्यांनी परमुलुखातली घरे पाहिलेली. ते म्हणाले, "वहिनी, आईच्या खोलीत लाकडी जमीन करा. पायाला गार लागत नाही आणि पाय सरकत नाही." आमच्या ह्यांना ते पटेना. खर्च फार होता. शेवटी मी माझ्या पाटल्या मोडल्या. कोणी सांगितले म्हणून नव्हे, माझ्या हौसेने मोडल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकू शकत नव्हते.

मुंबईला जाऊन एका मोठ्या दुकानात लाकूड पाहिले. तिथे इतक्या तऱ्हा होत्या की, डोळे फिरले. ब्राझीलची चेरी म्हणून एक दाखवले. त्याचे खरे नाव जटोबा, आणि चेरीशी त्याचे काही नाते नाही, हे मला पुढे कळले. इपे म्हणून एक होते, ते इतके जड की एक फळी उचलताना माझा हात भरून आला. आणि एक मर्बाऊ. तांबूस तपकिरी रंग, आणि रेषांतून पिवळी कणी चमकते, जणू कोणी हळद पेरली आहे. मी त्या कणीवर भाळले. आपण साडी निवडतो तसे मी लाकूड निवडले, हीच पहिली चूक. ते कुठले, किती वाळलेले, पाण्याने काय होते, यातले एक अक्षर मी विचारले नाही.

आमच्या घराची स्लॅब फेब्रुवारीत पडली, वरचा गिलावा एप्रिलच्या मध्यावर झाला, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात लाकूड आले. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून दुकानाची माणसे घाईवर होती. त्यांनी स्लॅबवर प्लायवूड अंथरले आणि त्यावर फळ्या ठोकल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत अगदी घट्ट. फट म्हणून कुठे दिसत नव्हती. मला वाटले, काय सफाईचे काम! उरलेल्या फळ्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. पहिल्या पावसात ताडपत्री उडाली, आणि सकाळी पाहते तो तुळशीवृंदावनाच्या पांढऱ्या चुन्यावर लाल पाण्याचे ओघळ! मी घाबरूनच गेले. मर्बाऊचा हा गुणच आहे. रंग चढवलेला नसला आणि पाणी लागले की ते लाल रंग सोडते. तो डाग अजून पुरता गेलेला नाही.

जुलैत खोलीच्या मध्यभागी पाय ठेवला की आवाज येऊ लागला. आठ दिवसांत फळ्या वर उचलल्या आणि मधोमध टेकाड उभे राहिले. मी दुकानात फोन केले. ते म्हणाले, तुम्हीच पाणी सांडले असेल. पुढे फोन उचलणेच बंद झाले. मी त्या टेकाडावर चटई टाकली. ती दुसरी चूक. श्रावणातल्या शुक्रवारी सासूबाई जिवतीच्या पूजेचे तबक घेऊन येत होत्या. चटईखालचा उंचवटा त्यांना दिसला नाही. त्या पडल्या, उजवे मनगट मोडले, निरांजनातले तेल फळीवर सांडले.

ज्या पडण्याच्या भीतीने मी पाटल्या मोडल्या, तेच झाले. तीन दिवस मला अन्न गेले नाही. आमचे हे काही बोलले नाहीत, पण न बोलणेही ऐकू येतेच की. सासूबाई मात्र प्लास्टर घालून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, पाटल्या गेल्या त्या गेल्या. जमीन तुझी आहे ना? मग रडतेस काय, ती नीट करून घे." त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या समोर हे सांगताना अजून माझा आवाज कापतो.

मग मी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी फळ्यांवर टकटक केली, भिंतीकडे पाहिले आणि हसले. म्हणाले, "वहिनी, लाकूड पावसाळ्यात जेवतं. त्याला पोट सुटायला जागा नको?" लाकूड दमट हवेत फुगते ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाही. दहा-पंधरा फळ्या प्रत्येकी केसभर फुगल्या तरी मिळून बोटभर होतात. भिंतीशी जागा नसेल तर ते जाणार कुठे? वरच येणार. म्हणून चारी भिंतींशी अर्धा इंच फट सोडायची आणि ती झाकायला लाकडी पट्टी लावायची. ती पट्टी भिंतीला ठोकायची, जमिनीला नव्हे, नाहीतर पुन्हा जमीन जखडली गेली.

त्यांनी कडेच्या फळ्या उघडल्या तर खालचे प्लायवूड काळे पडलेले, बुरशी आलेली. ओल वरून आलीच नव्हती, नव्या स्लॅबमधून आली होती. नवे काँक्रीट वरून कोरडे दिसते, पण आतले पाणी सुटायला महिनोन्महिने लागतात. मेस्त्रींनी एक सोपी परीक्षा शिकवली. हातभर प्लास्टिकचा कागद घ्यायचा, स्लॅबवर अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, आणि एक दिवस तसाच ठेवायचा. खालून दव धरले तर अजून थांबायचे. आम्ही दिवाळीनंतर सगळ्या फळ्या काढून खोलीतच रीपांवर उभ्या-आडव्या रचून ठेवल्या, आणि दर पंधरा दिवसांनी कागद लावून पाहिला. जानेवारीत तो कोरडा निघाला. मग खाली प्लास्टिक, त्यावर सागाच्या रीपा, आणि त्यावर त्याच फळ्या. मर्बाऊ सागापेक्षा कठीण, त्यामुळे आधी भोक पाडल्याशिवाय खिळा शिरेना, वाकून जाई. मेस्त्रींनी एकेक भोक पाडून काम केले. अठरा दिवस लागले.

अकरा फळ्या मात्र वाकून फुकट गेल्या. तसलेच लाकूड पुन्हा आणायला माझ्याकडे आणखी पाटल्या नव्हत्या! त्याच सुमारास राजापूर तालुक्यातले माझे माहेरचे घर भावाने उतरवले. त्या घराचा माळा फणसाच्या फळ्यांचा होता. मी भावाला म्हटले, "दादा, मला साडी नको, त्या फळ्या दे." फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे असते, वयाने तपकिरी होत जाते. मेस्त्रींनी रंधा मारला तर आतून पुन्हा पिवळेपणा निघाला. खिडकीलगत त्यांचा पट्टा घातला आणि तिथेच सासूबाईंचा पलंग ठेवला. लाल जमिनीला पिवळा काठ, साडीसारखाच. येणाऱ्या बायका तोच पट्टा पाहून म्हणतात, हे कुठले परदेशी लाकूड?

आता परदेशी लाकडाचे म्हणाल तर ते आपल्या गावाला नवे नाही. १८८५ साली ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारात, साग तोडणाऱ्या एका मुंबईच्या इंग्रज कंपनीला थिबा राजाच्या दरबाराने मोठा दंड केला. त्या तंट्याचे निमित्त करून इंग्रजांनी राज्य घेतले, आणि १८८६ साली राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला, त्यातही ब्रह्मी साग आहे. राजा १९१६ साली इथेच वारला. मी लहानपणापासून तो वाडा पाहत आले, पण राजाचे राज्य लाकडाच्या भांडणापायी गेले हे माझ्या मुलीने पुस्तकात वाचून सांगितले तेव्हा कळले. ते साग आता सहजी मिळत नाही. म्यानमारने २०१४ साली ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. इपेला २०२४ च्या नोव्हेंबरपासून देशाबाहेर नेताना आंतरराष्ट्रीय करारान्वये परवाना लागतो. आणि माझ्या मर्बाऊबद्दल मुलीने सांगितले की, २००५ साली न्यू गिनी बेटावरच्या त्याच्या जंगलांची चोरटी तोड उघडकीस आली होती. मी दुकानात लाकडाचे कागद मागितले नव्हते. माझ्या फळ्या कुठल्या रानातल्या ते मला कधीच कळणार नाही, आणि पाय ठेवताना ते कधी कधी मनात येते. तुम्ही घ्याल तेव्हा कागद मागा, आणि फळीची कापलेली कड पाहा. आरपार एकच लाकूड असेल तर भरीव. आडव्याउभ्या थरांवर पातळ खरे लाकूड बसवलेले असेल तर तेही वाईट नाही, आपल्या दमट हवेत ते कमीच फुगते. पण वर नुसता छापील कागद आणि आत भुसा असेल तर ते लाकूड म्हणून घेऊ नका.

रोजच्या वापराचे विचारता, तर बादली ओतून पुसायची सवय सोडावी लागते. मला ते फार जड गेले. पाणी ओतल्याशिवाय घर स्वच्छ झाले असे आपल्याला वाटतच नाही ना! आधी मऊ केरसुणीने केर काढते, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसते, तेही एकदाच. आपल्या तांबड्या मातीतली रेती चपलेखाली आली की ओरखडे पडतात, म्हणून जिन्याच्या खाली आणि वर दोन पायपुसणी. पलंगाच्या, खुर्चीच्या पायांना मी जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले आहेत. उन्हाने रंग गडद होतो. सतरंजी एका जागी वर्षभर राहिली तर खाली फिकट चौकोन उमटतो, म्हणून ती फिरवत राहायची. वाळवी आमच्याकडेही आली, पण तिने मर्बाऊ सोडून भिंतीची हलक्या लाकडाची पट्टी खाल्ली. ती पट्टी आता सागाची केली आहे, आतल्या गाभ्याची. बाहेरचा पांढरा भाग सागाचा असला तरी वाळवी सोडत नाही.

त्या दिवशी तेल सांडलेली फळी मेस्त्री बदलणार होते. सासूबाईंनीच बदलू दिली नाही. दाराशी तिसरी फळी, काळपट डाग आहे तीच. सासूबाईंचे मनगट थोडे वाकडेच जुळले, पण त्याच हाताने त्या अजून तिथे बसून वाती वळतात.

येत्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सगळ्याजणी माडीवर या. छत्र्या मात्र खालच्या पडवीतच ठेवा हं!