फळ्यावरचं नाव
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. शिक्षणावर बोलायचा माझा अधिकार नाही, पण एक आठवण सांगते.

आठवीत मी मॉनिटर होते. उशिरा येणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे. एका मैत्रिणीचं नाव जवळजवळ रोज असायचं. ती गप्प उभी राहायची. नववीनंतर ती शाळेत आलीच नाही. पुष्कळ वर्षांनी मंगळवार पेठेतच भेटली, तेव्हा कळलं. आई पहाटेच धुण्याभांड्याला जायची. नळाचं पाणी भरून, धाकट्या भावाचं आवरून मग ही निघायची. मी तिला आळशी समजत होते. "का गं उशीर?" असं कधी विचारलंच नाही.

आमच्या कामात तीच चूक ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा आली, तर वापरणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. नोंदी काढून कारण शोधावं लागतं. समाजशास्त्र शिक्षकाला हेच सांगतं. एक मूल गैरहजर राहिलं, तर ती त्याची गोष्ट. पण ऊसतोडणीच्या हंगामात एकाच वस्तीतली मुलं गळायला लागली, तर कारण त्यांच्या अभ्यासात नाही, घरच्या पोटापाण्यात आहे.

आपल्या कोल्हापूरला हे नवं नाही. खेड्यातल्या पोराची अडचण बुद्धीची नाही, शहरात राहण्याजेवणाची आहे, हे शाहू महाराजांनी ओळखलं. म्हणून 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरलं. महाराजांनी आधी समाज वाचला, मग शाळा बदलली.

आज शिक्षक असलेल्या माझ्या वर्गमित्रांना एकच विनंती आहे. गैरहजेरीच्या खुणेशेजारी कारणही लिहा, आणि महिन्याअखेर सगळ्यांनी मिळून ती पानं वाचा. काही कारणं शाळेलाच दूर करता येतील. काहींसाठी आपण माजी विद्यार्थी आहोत.

शेवटी एक खंत. आजचं निमंत्रण दहावीच्या यादीवरून गेलं. त्यामुळे ती मैत्रीण आज इथे नाही. पुढच्या वेळी यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करू या. तिच्या घरी निमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन.