अक्षर, पत्र आणि मायना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते शाळेचे माजी विद्यार्थी असून सध्या महानगर, लखनौ येथे वास्तव्यास आहेत.)



निमंत्रण आले तेव्हा पाकिटावर पत्ता होता, ‘महानगर, लखनौ’. आमच्या एका नातलगांची अनेक वर्षे अशी समजूत होती की ‘महानगर’ हे लखनौचे विशेषण आहे; मी मोठ्या शहरात राहतो हे पत्त्यातूनच मिरवतो आहे. वस्तुतः महानगर ही गोमतीच्या उत्तरेकडील एक वसाहत आहे. मी तिचा रहिवासी आहे, एवढेच. परंतु शब्द एक आणि अर्थ दोन, यातून होणारी गंमत या पत्त्यापासूनच सुरू होते, म्हणून आज बोलण्यासाठी मी असाच एक शब्द निवडला आहे. तो याच शाळेत, पाचवीच्या वर्गात मला प्रथम भेटला. तो शब्द म्हणजे ‘लेटर’.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी सांगितले, ‘लेटर म्हणजे अक्षर.’ पुढे काही महिन्यांनी धड्यात पोस्टमन आला आणि गुरुजी म्हणाले, ‘लेटर म्हणजे पत्र.’ मी उभा राहून विचारले, ‘गुरुजी, मग खरे कोणते?’ वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, ‘एक असले तर अक्षर, पुष्कळ जुळली तर पत्र. बस खाली.’

ही वेळ मारून नेलेली आहे, असे मला तेव्हा वाटले. पुष्कळ वर्षांनी कळले की गुरुजींच्या उत्तरात भाषेचा इतिहास होता. इंग्रजी ‘लेटर’ लॅटिन ‘लित्तेरा’ या शब्दावरून आला. लॅटिनमध्ये त्याचे एकवचन म्हणजे वर्णमालेतील अक्षर. अनेकवचन म्हणजे पत्र, आणि विद्या व वाङ्मयसुद्धा. म्हणूनच साहित्यिकाला इंग्रजीत ‘मॅन ऑफ लेटर्स’ म्हणतात, आणि १९५४ साली स्थापन झालेली आपली साहित्य अकादमी इंग्रजीत स्वतःला ‘नॅशनल अकॅडमी ऑफ लेटर्स’ म्हणवते. कायद्याचा ‘लेटर’ म्हणजे त्याचा शब्दशः अर्थ. त्याच्या समोर उभा असतो तो कायद्याचा हेतू. अमेरिकेतील शाळांत खेळात चमकलेल्या विद्यार्थ्याला अंगरख्यावर लावायला शाळेच्या नावाचे आद्याक्षर देतात, त्यालाही ‘लेटर’च म्हणतात. आणि जे पत्र ज्याचे त्याला मिळत नाही, धाडणाऱ्याकडेही परत जाऊ शकत नाही, ते ‘डेड लेटर’, मृत पत्र. हा शेवटचा अर्थ कृपया ध्यानात ठेवावा. मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

इंग्रजीला हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपले ‘पत्र’ मुळात झाडाचे पान आहे. भूर्जपत्रावर, ताडपत्रावर लिहिले गेले आणि पानाचे नाव मजकुराला मिळाले. तुळशीपत्र, बेलपत्र, गणपतीची पत्री आणि जेवणाची पत्रावळ ही एका घरची भावंडे; छपरावरचा पत्रा, वृत्तपत्र, जन्मपत्रिका आणि लग्नपत्रिका ही दुसऱ्या घरची. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि प्रगतिपत्रक यांची आठवण या वास्तूत वेगळी करून द्यायला नको!

लखनौला गेलो तेव्हा यात आणखी एका शब्दाची भर पडली. तेथील न्हाव्याने पहिल्याच दिवशी विचारले, ‘साहब, ख़त बना दूँ?’ मी चक्रावलो. मराठी माणसाला खत ठाऊक असते ते शेतातले. फार तर कचेरीतले, म्हणजे खरेदीखत, गहाणखत. हिंदी चित्रपटांमुळे खत म्हणजे पत्र हेही ठाऊक होते. पण न्हावी पत्र कसे बनवणार? मग समजले की मूळ अरबी ‘खत’ म्हणजे रेघ. कागदावर ओढलेली रेघ म्हणजे लेखन, लेखनाचे वळण म्हणजे हस्ताक्षर, लिहून पाठवले ते पत्र, आणि गालावरच्या दाढीची कड रेखीव करणे तेही खतच. आपल्या ‘दस्तखत’मध्ये हाच खत आहे, दस्त म्हणजे हात. ज्या शहरात मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि कातिबांच्या सुंदर वळणातून हजारो पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवली, त्या शहरात अक्षराच्या वळणाला आणि दाढीच्या वळणाला एकच शब्द असावा, याचे मला पुढे नवल वाटेनासे झाले.

मराठी माणसाचा आणि लखनौचा संबंध जुना आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे वकील. पण त्यांच्या प्रयत्नांतून संगीताचे मॅरिस कॉलेज १९२६ साली उभे राहिले ते लखनौला, आणि आज तेथील विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. टपालाच्या बाबतीतही आपण मागे नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते दळणवळण मंत्रालयातील अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. महाराष्ट्रातील पिनकोड चाराने सुरू होतात, उत्तर प्रदेशातील दोनाने. माझ्या आईच्या पत्रावर २२६००६ हा आकडा असे. तो ती पत्त्याच्या खाली एकेक चौकट भरत, मान वाकडी करून लिही.

आता ज्यासाठी हा सारा विस्तार केला, ते सांगतो.

माझी पत्नी लखनौचीच. घरात हिंदी बोलली जाई. मुलगी हिंदी माध्यमात शिकली. आई तिला गावाहून पत्रे धाडी, मराठीत. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे मुलगी पत्र घडाघडा वाची. एका ‘ळ’पाशी तेवढी अडे आणि विचारी, ‘यह कौन-सा अक्षर है?’ वाचून झाल्यावर ती मोठे डोळे करून माझ्याकडे पाही. आईने लिहिले होते, ‘तुझ्या बाबांना गुरुजींनी एकदाही शिक्षा केली नाही.’ मुलीने त्याचा अर्थ लावला की गुरुजींनी बाबांना काहीच शिकवले नाही! ‘मला राग आला’ हे वाचून तिला वाटले, आजी गाणे शिकते आहे. भातखंड्यांच्या शहरातील मुलीला दुसरे काय वाटणार? आम्ही खूप हसलो.

पण त्या हसण्याखाली काय दडले आहे हे मी पाहिले नाही. तिला पत्रातील प्रत्येक लेटर वाचता येत होते. लेटर मात्र वाचता येत नव्हते. तिला मराठी शिकवणे हा त्यावरचा उपाय होता. मी सोपा मार्ग धरला. पत्र हातात घ्यायचे आणि हिंदीत सारांश सांगायचा. प्रथम पूर्ण सांगत असे. मग कामाचा व्याप वाढला आणि सारांश आखूड झाला. शेवटी शेवटी तर दोन ओळी सांगून ‘बाकी सब कुशल है’ म्हणायचे आणि पत्र मिटून ठेवायचे.

आई गेली. पुढे मुलगी मोठी झाली आणि नोकरीनिमित्त पुण्यास राहून मराठी शिकली. एका सुट्टीत तिने आजीच्या पत्रांचा गठ्ठा मागितला आणि रात्रभर बसून वाचला. सकाळी तिने एक आंतर्देशीय माझ्यासमोर ठेवले. ते तिलाच लिहिलेले होते, ती आठ वर्षांची असतानाचे. तळाशी, घडीच्या अरुंद जागेत, आईने लिहिले होते : ‘बाबांना वेळ झाला की मला एकदा तिकडे न्यायला सांग. तुझं घर बघायचं राहिलं आहे. तो कामात असेल, घाई नाही.’

आई लखनौला कधीच आली नाही. दर मे महिन्यात आम्हीच गावी येत असू, आणि तिला यायचे असेल हे माझ्या मनात आले नाही. मुलाला भीड घालायची नाही म्हणून तिने नातीकडे निरोप दिला होता. टपाल खात्याने ते पत्र चोख पोहोचवले. ते मृत झाले माझ्या हातात. मुलीने मला दोष दिला नाही. तिने इतकेच विचारले, ‘बाबा, बाकीच्या पत्रांत आणखी काय सांगायचं राहिलं?’ त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ती सारी पत्रे, एकही ओळ न गाळता, पुन्हा वाचली.

मित्रहो, पत्राच्या आरंभी आपण ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’ असे लिहितो, त्याला मराठीत ‘मायना’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आणि तेथे त्याचा अर्थच ‘अर्थ’ असा आहे. मला यात मोठे शहाणपण दिसते. शब्दाला कोशात दहा अर्थ असोत. पत्रातला अर्थ ते कोणी कोणाला लिहिले यातून सुरू होतो. आईच्या त्या पत्राच्या मायन्यात माझ्या मुलीचे नाव होते. ते तिच्यापर्यंत पूर्ण पोहोचवणे माझे काम होते.

या शाळेने साठ वर्षे मुलांना आधी अक्षर आणि मग पत्र शिकवले. तिच्याकडे माझे एकच मागणे आहे. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एक पोस्टकार्ड स्वतःच्या हाताने, पूर्ण मायना घालून, घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी लिहावे. तो खर्च मी आनंदाने उचलीन. आणि माझ्यासारखे जे परप्रांती किंवा परदेशी आहेत, त्यांना विनंती अशी की मुलांना मराठी शिकवणे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. दुसऱ्याने सांगितलेला सारांश कितीही प्रेमाने सांगितलेला असो, त्यात तळाची ओळ राहून जाते.

गुरुजी आज हयात नाहीत. असते तर त्यांना म्हणालो असतो, उत्तर बरोबर होते. पुष्कळ अक्षरे जुळली की पत्र होते, पण ते वाचणारा मिळाला तरच.

बहुत काय लिहिणे? येथेच लेखनसीमा करतो. नमस्कार.