सुटी कोणास, आणि मजुरी कोणाची?

[खेडेगांवांतील सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण]



अमेरिकेंतील नगरसभांपुढें अलीकडे एक प्रश्न वारंवार आला आहे. १९ जून हा तेथील गुलामांच्या मुक्ततेचा दिवस. त्या दिवशीं शहराच्या नोकरांस भरपगारी सुटी द्यावी कीं नाहीं? तुम्ही म्हणाल, मास्तर, दूरदेशच्या सुटीशीं आपलें काय देणेंघेणें? देणेंघेणें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केलें. मग त्या मुक्ततेचें पुढें काय झालें, हें विचारण्याचा आम्हांस हक्क आहे.

हकीकत अशी. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजीं निघाला. पण टेक्सास राज्यांत सरकारी फौज पोंचली नव्हती, तोंवर तेथील मळेवाल्यांनीं तो जुमानला नाहीं. १९ जून १८६५ रोजीं जनरल ग्रेंजर यांनीं गॅल्व्हेस्टन बंदरांत हुकूम जाहीर केला, तेव्हां कोठें गांठ सुटली. म्हणजे अडीच वर्षें सुमारें अडीच लाख माणसें कागदावर मोकळीं आणि मळ्यांत बांधलेलीं! त्याच हुकुमांत असेंही होतें कीं, यापुढें नातें धनी व मजूर यांचें राहील, आणि मोकळ्या झालेल्यांनीं आहे तेथेंच राहून मजुरीवर काम करावें. हा मजुरी शब्द ध्यानांत ठेवा.

त्या लोकांनीं सरकारी सुटीची वाट पाहिली नाहीं. १८७२ सालीं ह्यूस्टन येथें वर्गणी काढून त्यांनीं १० एकर जागा विकत घेतली, ती हा दिवस पाळण्यासाठीं. टेक्सास राज्यानें १९८० पासून सुटी दिली. केंद्र सरकारनें २०२१ सालीं. मात्र केंद्राचा कायदा केंद्राच्या नोकरांपुरता. शहराच्या नोकरांचें शहरानेंच ठरवावयाचें असतें.

सुटी म्हटली कीं खर्चाची गोष्ट निघतेच. कचेरी बंद ठेवतां येते. पाणी आणि आगीचा बंब बंद ठेवतां येत नाहीं. तो खर्च खोटा नाहीं. पण ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून कापूस पिकविला, त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडतांना थकलेलें देणें कोणाचें, हें आधीं पाहावें.

आणि सुटी दिली तरी ती पोंचते कोणास? कायम कारकुनास पगारी सुटी, आणि कचेरी बंद म्हणून कंत्राटी झाडूवाल्याची मजुरी बुडाली, तर बिनमजुरीनें राबलेल्यांचें स्मरण बिनमजुरीच्या दिवसानेंच केलें म्हणावयाचें! आपल्याकडे तरी निराळें काय आहे? १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची आम्हां मास्तरांस पगारी सुटी. ज्या मजुरासाठीं ते झिजले, तो त्या दिवशीं मिरवणुकीस गेला तर त्याच्या चुलीचा त्या दिवसाचा पैसा गेला.

म्हणून कोणत्याही सभेपुढें थोरांच्या नांवें सुटीचा ठराव आला, तर टाळ्या वाजविण्यापूर्वीं तुम्ही एकच विचारा: रोजंदारीवाल्याची त्या दिवसाची मजुरी यांत धरली आहे काय? नसेल, तर ती ठरावांत घालून घ्या, आणि मगच हात वर करा.