मुलीची शाळा आणि महिन्याचे चार दिवस



आज आम्ही जी गोष्ट बोलणार आहोत, ती चारचौघांत कुणी काढत नाही. कुणी म्हणतं, "कावळा शिवला." कुणी म्हणतं, "बाहेरची झाली." आम्ही सरळ नाव घेतो. ती गोष्ट म्हणजे मासिक पाळी. बापांनीही ऐकावी, म्हणून मुद्दाम सगळ्यांपुढे बोलतो.

साधारण ११ ते १४ वर्षांच्या वयात मुलीला पाळी येऊ लागते. पोटात गर्भाची पिशवी असते. तिच्या आत दर महिन्याला मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर ते त्याच्या कामी येते. नाही राहिला तर रक्तावाटे गळून जाते. यात विटाळ कसला? आपण सगळे त्याच जागी नऊ महिने वाढलो ना?

आता हिशेब करू. पाळीपायी मुलगी महिन्याला ४ दिवस घरी बसली, तर शाळेच्या १० महिन्यांत ४० दिवस बुडाले. गणित मागे पडते. परीक्षा हुकते. मग आपण म्हणतो, "पोरीचं डोकं चालत नाही, उजवून टाका." डोके चालते हो! शाळेच्या संडासाला कडी नाही, तिथे तिचे अडते.

मग काय करावे?

पाळी येण्याआधीच आईने लेकीला सगळे सांगावे. नाहीतर रक्त बघून पोर घाबरते. तिला वाटते, आपल्याला काही रोग झाला.

कापड वापरायचे तर सुती आणि स्वच्छ घ्यावे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाजेने अंधारात दडवलेल्या ओल्या कापडाने खाज सुटते, रोग जडतो. कापड असो की पॅड, चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड संडासात टाकू नये. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे.

मुलीला पालेभाजी, मटकी, नाचणी पोटभर द्यावी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती जेवणानंतर घ्यावी. रक्त सात दिवसांहून जास्त जात असेल तर दवाखान्यात दाखवावे.

पॅडला पैसे पडतात, हे खरे. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने अस्मिता योजना सुरू केली. तिच्यात जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांना ठेवले होते. आज गावात काय मिळते, ते आशाताईंना विचारा.

आणि हे बायकांचेच काम, असे म्हणू नका. कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम हे वेल्डिंगचे काम करणारे गृहस्थ. बायको चिंध्या वापरते हे पाहून त्यांनी स्वस्त पॅडचे यंत्र बनवले. लोक हसले, पण ते हटले नाहीत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठा आणि विचारा: शाळेत मुलींचा संडास वेगळा आहे का? दाराला आतून कडी आहे का? पाणी आहे का? हे प्रश्न एखाद्या बापाने विचारले, तर फारच बरे. पोरींची शाळा त्याने वाचेल.