पंख गळालेली मुंगी: ओळखायची कशी, ठेवायची कुठं?

मिरगाचा पहिला दमदार पाऊस पडला, की पैठणपासून कन्नडपर्यंत सगळीकडे एकच दृश्य. संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांची झुंबड उडते, आपण ट्यूब बंद करतो आणि सकाळी पंखांचा ढीग झाडून काढतो. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. ते पुष्कळसं खरंही आहे. नर थोड्याच दिवसांत मरतात. माद्यांपैकी बहुतेक पाली, कोळी, पाखरं यांच्या तोंडी जातात. एखादीच वाचते, आपले पंख आपणच काढून टाकते आणि जमिनीत शिरून नवं घर मांडते. ती राणी. आमच्या गटातल्या बायांची मुलं काडेपेटीत असं काही धरून आणतात आणि 'आई, ही राणी आहे का?' म्हणून विचारतात. आज त्याचंच बोलू.

आधी बघा, ती मुंगीच आहे ना? दिव्यावर येणारी पुष्कळ पाखरं वाळवीची असतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, अंग मऊ, आणि कंबर नाहीच, सगळं एकसारखं जाड. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक, मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. पाखरं वाळवीची असतील आणि घरातल्याच चौकटीच्या फटीतून निघत असतील, तर प्रकल्प राहू द्या, आधी चौकट ठोकून बघा.

मुंगी असेल तर तिची पाठ बघा. राणीची पाठ फुगीर, पंखांचे स्नायू असतात म्हणून, पोटही मोठं. पंख गळाले असतील तर तिथे बारीक खुणा दिसतात. नर सडपातळ, डोकं लहान. आपल्याकडच्या मोठ्या काळ्या मुंगळ्याची राणी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणून मुलांच्या हाती तीच जास्त लागते. पंख असलेली मादी मात्र तिथंच सोडावी, तिचं मीलन बहुधा व्हायचं असतं. पंख गळालेलीचं झालेलं असण्याची शक्यता जास्त, खात्री मात्र अंडी वाढायला लागल्यावरच.

एक गंमत सांगतो. भारतात मुंग्यांच्या 800 हून अधिक जातींची नोंद आहे, आणि सगळ्यांना राणी असतेच असं नाही. डायाकामा नावाची काळी, खरबरीत अंगाची, डंख मारणारी मुंगी आहे. तिच्यात वेगळी राणी नसते, कामकरी मुंग्यांतलीच एक अंडी घालते. तिच्या वारुळात राणी शोधून सापडणार नाही.

आता घर. होमिओपॅथीच्या गोळ्यांची लांबट काचेची बाटली चालते, नाहीतर शाळेतली परीक्षानळी. औषधाचा वास जाईपर्यंत नुसत्या पाण्याने धुवा. तिसरा हिस्सा पाणी भरा आणि कापसाचा बोळा पाण्याला टेकेल असा घट्ट दाबा. बोळा ओला राहिला पाहिजे, पण पाणी पुढे येता कामा नये. कापूस मेडिकलमधलाच घ्या. घरच्या कापसावर मेणचट थर असतो, तो पाणी ओढत नाही. आपल्या घरात कापूस असून विकत आणायचा, हे जिवावर येतं खरं, पण इलाज नाही. मग राणीला आत सोडून तोंडाला कोरडा बोळा लावा. त्यातून हवा जाते, भोकं पाडायची गरज नाही. वर काळं फडकं गुंडाळा.

बाटली गिरणीच्या, मोटारीच्या हादऱ्यापासून लांब, खालच्या कोनाड्यात ठेवा. पत्र्याच्या घरात वरची फळी फार तापते. मुंग्यांचा खडू, पावडर जवळ नको. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय हात लावू नये.

आणि खायला? काही नाही. इथंच सगळ्या बायांचा जीव वर-खाली होतो. पण मुंगळ्याची राणी म्हणजे अंधाऱ्या खोलीतली बाळंतीण समजा, फक्त हिला डिंकाचे लाडू लागत नाहीत. उडण्याचे स्नायू आता तिला नको असतात. ते आणि अंगातली चरबी जिरवून ती स्वतः जगते आणि पिलांनाही भरवते. साखर टाकली तर बुरशी येते. सारखं उघडून बघितलं तर ती घाबरून आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, तेही पटकन, बघायचं. सगळ्या जातींचं असं नसतं, काही राण्यांना पहिल्यापासून अन्न लागतं. पण मुंगळ्याला नाही.

अंडी, मग अळ्या, मग कोश. पावसात मुंग्या पांढरी 'अंडी' तोंडात धरून पळतात ना, त्या बहुतेक अळ्या आणि कोशच असतात. दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या निघतात, अगदी चिमुकल्या. तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढा साखरपाण्याचा थेंब आणि मेलेल्या डासाचा तुकडा द्यायचा. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी प्रयोगशाळेत जवळजवळ 29 वर्षं जगली होती, तेव्हा मुलाची हौस किती दिवसांची आहे हे आधीच विचारून घ्या. हौस संपली तर बाटली फेकू नका. जिथून आणली त्याच शिवारात, ओलसर सावलीच्या जागी, कोरडा बोळा काढून आडवी ठेवा. मामाच्या गावाला मात्र नेऊन सोडू नका. तिथल्या मुंग्या वेगळ्या असतात.