पाटी कोरी नसते

धाराशिव जिल्ह्यांतील परंडा हें गांव तेथील भुईकोट किल्ल्यामुळें इतिहासांत प्रसिद्ध आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ इ. स. १६३२ पर्यंत याच किल्ल्यांत होती. किल्ल्यांत मशीद आहे. गांवांत हंसराजस्वामींचा मठ आणि ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. तालुक्यांतील डोमगांवीं समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधि आहे. अशा गांवचें मूल जगांतील धर्मांची माहिती शिकावयास बसतें, तेव्हां त्याच्या मनाची पाटी कोरी असते काय?

खचित नसते. परंतु डोळ्यांनीं पाहिलेलें सर्वच समजलेलें असतें, असेंही नाहीं. म्हणून पाठाच्या आरंभीं पूर्वज्ञानाची चांचणी घेणें अगत्याचें ठरतें. नवें ज्ञान मनांतील जुन्या कल्पनांत सामावलें जातें, हा जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याचा सिद्धांत शिक्षकांच्या परिचयाचा आहे. जुनी कल्पनाच चुकीची असेल, तर तिच्यावर रचलेला धडाही कलतो.

एक साधा प्रश्न घ्यावा. दिवाळी दरवर्षीं पावसाळा सरल्यावरच येते, मग रमजान कधीं उन्हाळ्यांत तर कधीं थंडींत कां येतो? 'त्यांचें पंचांग निराळें,' एवढ्यावर पुष्कळ मुलें थांबतील. वस्तुतः दोन्ही पंचांगांतील महिने चंद्रावरच मोजले जातात. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असतें. हिंदु पंचांगांत सुमारें ३३ महिन्यांनीं अधिक मास धरून ऋतूंशीं मेळ घातला जातो. हिजरी गणनेंत तो धरीत नाहींत, म्हणून रमजान दरवर्षीं अदमासें ११ दिवस अलीकडे सरकतो. जेथें परकेपणा भासत होता, तेथें एकच चंद्र निघाला!

दुसरा प्रश्न बौद्ध धर्माचा. याच जिल्ह्यांतील तेर येथें प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तेवढें ऐकलेला विद्यार्थी 'पूर्वीं येथें बौद्ध होते' असें लिहील. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. आंबेडकरांनीं असंख्य अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. ज्यास तो विद्यार्थी भूतकाळ समजतो, तो धर्म कदाचित् त्याच्याच बांकावरील सोबत्याचा असेल.

येथेंच शिक्षकाच्या विवेकाची कसोटी लागते. 'तुमच्यांत असें कां करतात?' असें एखाद्या मुलास सर्वांदेखत विचारणें म्हणजे चांचणी नव्हे. तें त्या कोंवळ्या जिवास साऱ्या समाजाचा वकील करणें होय. प्रश्न माहितीचा असावा, श्रद्धेचा नसावा. सर्वस्वीं सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास घटनेच्या २८ व्या कलमानें मनाई आहे. मात्र धर्मांविषयीं माहिती देणें तिच्याविरुद्ध नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं स्पष्ट केलें.

उत्तरें बिननांवाच्या चिठ्ठ्यांवर घ्यावींत व त्यांना गुण देऊं नयेत. 'ठाऊक आहे', 'नुसतें ऐकलें आहे' आणि 'ठाऊक नाहीं' असे तीन विभाग पुरेत. पाठ संपल्यावर तेच प्रश्न पुन्हां विचारावे, म्हणजे शिकविलेलें कितपत रुजलें तें कळेल.

यांतील मधला विभाग सर्वांत महत्त्वाचा. कारण तेथील मजकूर बहुधा शाळेंतून आलेला नसून घरांतील बोलण्यांतून आलेला असतो. चिठ्ठी मुलाची असली, तरी परीक्षा वडीलधाऱ्यांचीच होत असते.