गंगाराम तांबटांची नजर



उत्तर पेशवाईतील पुणे म्हटले की कारभारी, शिलेदार, मोहिमा आणि तहनामे यांचीच गजबज आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. परंतु त्याच पुण्यात, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, माणसे, जनावरे आणि लेणी यांचे यथातथ्य रूप जलरंगांनी कागदावर उतरविणारे गंगाराम चिंतामण तांबट नावाचे चित्रकार नांदत होते, आणि त्यांचे नाव आज त्यांच्याच गावात फार थोड्यांस ठाऊक आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो.

१७८६ साली इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यास आलेल्या चार्ल्स मॅलेटने त्यांना आश्रय दिला. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार येथे आल्यावर ते त्याच्याबरोबर काम करू लागले, आणि खुद्द शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची व्यवस्थाही झाली. मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहिले, तेव्हा त्यासाठी चित्रे काढली ती गंगारामांनी.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते त्यांच्या गेंड्यात. १७९० च्या नोव्हेंबरातील हे चित्र पेशव्यांच्या शिकारखान्यातील जनावराचे आहे. जर्मनीच्या ड्यूरर या चित्रकाराने १५१५ साली गेंड्याचे जे जगविख्यात चित्र केले, ते प्रत्यक्ष प्राणी न पाहता, परक्याच्या रेखाटनावरून व वर्णनावरून, आणि म्हणूनच त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढले व खांद्यापाशी एक जादा शिंगही उगवले. आमच्या गंगारामांपुढे मात्र ते धूड जिवंत उभे होते, आणि त्याच्या कातड्याच्या घड्या जशा पडतात तशाच दाखविणे त्यांना पुरेसे वाटले. वर्णी लावण्यासाठी धन्याला आवडेल ते रंगविणारे हात कोणत्याही दरबारात पुष्कळ असतात. दिसले तेवढेच आणि दिसले तसेच मांडण्याचा हा संयम, माझ्या मते, शौर्याच्याच जातीचा आहे.

गंगारामांची पुष्कळशी चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. तेथे ती जिवापाड जपली जातात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पुण्याच्या मुलाने आपल्या पर्वतीचे १७९५ सालचे चित्र पाहण्यासाठी सातासमुद्रापार नजर लावावी, हे मला बोचते.

म्हणून आपल्या संस्थेच्या प्राचार्यांस माझी एक विनंती आहे. पर्वती आणि गेंडा या दोन चित्रांच्या प्रतिकृती आपल्या चित्रकलेच्या वर्गात लावाव्या आणि त्यांखाली चित्रकाराचे संपूर्ण नाव ठळक देवनागरीत लिहावे. त्याचा सर्व खर्च मी आनंदाने करीन.